काकूंचे अकरा लाख आणि पॉलिस्टरच्या चिंध्या

«नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट आहे, चौदा मशीनचं. मिस्टरांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ माग होते. गेल्या वर्षी ते भंगारात काढले, शेडही विकली. देणी भागवून अकरा लाख हातात राहिले. माझा पुतण्या पुण्याला आयटीत आहे. तो म्हणतो, "काकू, एक परदेशी कंपनी आहे. जुने पॉलिस्टर कपडे आणि प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन त्यांचं पुन्हा कोरं पॉलिस्टर करते. आत्ता शेअर मातीमोल भावात आहे, पाच वर्षांत दसपट होईल." आठ लाख घालू म्हणतो. शेअर तो त्याच्या खात्यातून घेणार, मी फक्त त्याला पैसे पाठवायचे. मिस्टरांना पटत नाही. पण आमच्याकडेच रोज पोतं पोतं चिंध्या निघतात, त्यांचं सोनं होत असेल तर मागे का राहावं, असं मला वाटतं. ओव्हरलॉक मशीनच्या कर्जाचे तीन लाख चाळीस हजार अजून फिटायचे आहेत. काय करू? — एक भगिनी, सोलापूर»

ताई,

आठ लाख घालू नका. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

कंपनी बोगस आहे असं माझं म्हणणं नाही. तुम्ही कळवलेलं नाव मी पाहिलं. अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदलेली कंपनी आहे, हिशेब जाहीर करते. नाव इथे छापत नाही, कारण अडचण एका कंपनीची नाही, त्या सगळ्या धंद्याची आहे. आणि त्या धंद्यातली मुख्य गोम तुमच्या पुतण्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. फक्त ती तुमच्या पोत्यात पडून आहे, म्हणून तुम्ही तिकडे पाहिलेलं नाही.

उद्या कटिंग मास्तर टेबल झाडेल तेव्हा खालच्या ढिगातून चार चिंध्या उचला. एक पांढऱ्या शर्टाची, एक निळ्या पँटची, एक पीटीच्या टी-शर्टाची आणि एक मुलींच्या लेगिंगची. बाहेर पायरीवर बसून एकेकीला चिमट्यात धरून काडी लावा. पीटीची चिंधी आचेपासून मागे सरकेल, आक्रसेल, काळा धूर सोडत वितळेल आणि शेवटी तिची कडक काळी गोळी होईल. (ती लगेच बोटाने दाबू नका, चटका चिकटून बसतो.) शर्टाची चिंधी थोडी कागदासारखी जळेल, कागदाचाच वास येईल, आणि थोडी गोळा होईल. कारण ते कापड पॉलिस्टर आणि कापसाचं आहे, बहुतेक वेळा ६७ ला ३३. पँटचं कापड पॉलिस्टर-व्हिस्कोस, साधारण ६५ ला ३५. लेगिंगमध्ये वर लायक्रा. त्यावर रंग, त्यातच अडकलेला शिलाईचा दोरा, कॅनव्हासचा तुकडा, एखादं बटण. आणि हे सगळं एकाच पोत्यात, कारण संध्याकाळी झाडणाऱ्या बाईला घरी जायची घाई असते.

तुमचा चिंधीवाला या पोत्याला काय भाव देतो? आणि निव्वळ सुती बनियनच्या पांढऱ्या कात्रणाला काय देतो? गॅरेजवाले सुती चिंधी मागून नेतात, ती तेल पिते. पॉलिस्टरची चिंधी तेल नुसतं पसरवते. मिश्र पोत्याला कोणी वाली नाही. पुतण्याच्या कंपनीला जगभरातून गोळा करायचं आहे ते हेच पोतं.

आता ती कंपनी करते काय, ते तुमच्या भाषेत सांगतो. पॉलिस्टर आणि पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक ही एकच वस्तू आहे, पीईटी. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल अशा दोन मालांची ती लांबच लांब साखळी. आज बाजारात चालतो तो पुनर्वापर सोपा आहे: बाटली धुवायची, तुकडे करायचे (धंद्यात त्यांना फ्लेक्स म्हणतात), अडीचशे अंशांच्या वर वितळवायचे आणि शेवयांसारखा धागा ओढायचा. यात जुना रंग, जुनी घाण नव्या धाग्यात उतरते. नव्या कंपन्या साखळीच तोडतात. कोणी मिथेनॉल वापरतं, कोणी ग्लायकॉल, कोणी एन्झाइम. सुटे झालेले दुवे स्वच्छ करायचे आणि पहिल्यापासून पॉलिस्टर बनवायचं. म्हणजे बाटलीवाले जुना सदरा उलटा करून पुन्हा शिवतात, आणि हे लोक सदरा उसवून दोरा परत रिळावर गुंडाळतात.

हे होतं का? होतं. फ्रान्सच्या कार्बिऑस कंपनीच्या एन्झाइमने बाटलीच्या प्लास्टिकचं १० तासांत ९० टक्के विघटन केलं, तो शोधनिबंध एप्रिल २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्या बातमीवर कितीजणांनी शेअर घेतले असतील! कंपनी पॅरिसच्या बाजारात २०१३ पासून आहे. लाँगलाव्हिल गावी वर्षाला ५०,००० टन कचरा पचवणारा कारखाना उभारायचा ठरला, २०२४ च्या एप्रिलमध्ये पायाभरणी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पैसा पुरेसा उभा राहिला नाही म्हणून बांधकाम पुढे ढकललं. माणसं कमी करायची पाळी आली. एन्झाइम आजही तितकंच हुशार आहे.

स्वीडनची रिन्यूसेल तर माझ्या मते या विषयातला सगळ्यात शिकवून जाणारा दाखला. त्यांचं काम जुन्या सुती कपड्यांचा लगदा करण्याचं होतं, पॉलिस्टरचं नव्हे, पण रस्ता तोच. सुंड्सवाल इथे ६०,००० टनांचा कारखाना २०२२ मध्ये सुरूही झाला. एच अँड एमसारखा मोठा कपडेवाला भागधारक होता. लगदा चांगला निघत होता. ऑर्डरी पुरेशा आल्या नाहीत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे दुसऱ्या मालकाने तो कारखाना घेतला, काम वेगळ्या नावाने पुढे न्यायचं ठरवलं, पण जुन्या भागधारकांच्या हाती काही लागलं नाही. कारखाना वाचला तरी तुमचे पैसे वाचतात असं नाही, हे मागांची शेड विकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात किंग्जपोर्टला ईस्टमन कंपनीचा मिथेनॉलवाला कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला, वर्षाला सुमारे १,१०,००० टनांचा. चालतो आहे. पण ईस्टमन ही १९२० ची कंपनी, रसायनांच्या इतर धंद्यांतून पोट भरते. एक कारखाना दोन वर्षं अडखळला तरी घर चालतं. आणि त्यांच्याही टेक्सासमधल्या पुढच्या कारखान्यासाठी मंजूर झालेलं ३७५ दशलक्ष डॉलरपर्यंतचं सरकारी अनुदान २०२५ मध्ये रद्द झालं. तुमच्या पुतण्याच्या कंपनीकडे पोटापुरता दुसरा धंदा नाही. ती अजून भागभांडवलावर जगते.

मग घोडं अडतं कुठे? दोन ठिकाणी.

एक तर माल. 'रिसायकल्ड पॉलिस्टर' असं लेबल लावलेला जो कपडा मॉलमध्ये दिसतो तो जवळपास सगळा बाटल्यांपासून बनलेला असतो, जुन्या कपड्यांपासून नाही. बाटली एकजिनसी, पारदर्शक, गोळा करायला सोपी. पण आता बाटलीवाल्यांनाच बाटली परत हवी आहे. आपल्याकडे प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत कडक पॅकिंगसाठी (बाटल्या, डबे वगैरे) २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित माल घालायचं बंधन ठरवलं, ते २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर न्यायचं आहे. युरोपात २०२५ पासून पेयांच्या बाटल्यांत २५ टक्के. म्हणजे एकाच बाटलीमागे सगळे धावणार आणि फ्लेक्सचा भाव चढणार. मग उरतात कपडे. ते कोणीतरी हाताने निवडायचे, बटणं-झिपा काढायच्या, मिश्र वेगळे करायचे. पानिपतला हे काम पिढ्यानपिढ्या चालतं, तिथल्या बायकांची बोटं कापडाची जात सांगतात. त्या मजुरीचा आकडा कंपनीच्या चकचकीत सादरीकरणात कुठे दिसला तर मला जरूर कळवा.

दुसरं म्हणजे भाव. कोरं पॉलिस्टर खनिज तेलापासून होतं. तेल उतरलं की तेही उतरतं. चिंधी उसवून केलेलं पॉलिस्टर गुणाने तितकंच चांगलं झालं तरी महाग पडतं, आणि गिऱ्हाईक दोन्ही ताके शेजारी ठेवून पाहतं. तुम्हीच जूनच्या ऑर्डरीच्या वेळी शाळेच्या कमिटीपुढे बोलून पाहा: "सर, हे कापड जुन्या कपड्यांपासून केलंय, पृथ्वीला चांगलं, गणवेशामागे फक्त चाळीस रुपये जास्त." सरांचा चेहरा आठवून मला आत्ताच हसू येतंय. परदेशातले मोठे ब्रँड आपल्या सरांपेक्षा थोडे उदार असतील, फार नाही. ते उत्सुकता असल्याची पत्रं देतात. पक्की ऑर्डर देताना हात आखडतो.

एक माझीच फजिती सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बँकेत कर्जविभागाला होतो. एक तरुण पोरगा प्लास्टिकच्या पिशव्यांपासून दाणा करायचं मशीन घ्यायचं म्हणून आला. डोकं तल्लख, कागद चोख. मी राजकोटहून मागवलेलं मशीन चालू असताना स्वतः पाहिलं, तारेसारखा प्लास्टिकचा दोर पाण्यातून जाऊन कापला जात होता, मला तर ते बघतच राहावंसं वाटलं. शिफारस केली. सहा महिन्यांत खातं थकलं. मशीन ठणठणीत होतं. पण कचऱ्यातल्या पिशव्या आधी धुवाव्या लागतात, आणि प्रकल्प अहवालात पाण्याच्या रकान्यात 'महापालिका पुरवठा' एवढंच लिहिलं होतं. सोलापुरात! चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं त्या गावात मी तो रकाना वाचून पुढचं पान उलटलं होतं. पोराने टँकर घेतले, टँकरने नफा खाल्ला, मग न धुताच दाणा काढायला लागला आणि काळपट दाणा कोणी घेईना. तेव्हापासून मला कोणी मशीन दाखवायला लागलं की मी पाणी कुठून येतं ते विचारतो.

आपल्या गावातल्या मिलांचं काय झालं? तिथल्या मागांना कापड विणता येत नव्हतं का?

आता पुतण्याच्या वाक्यातला 'मातीमोल भाव'. शेअर दीड डॉलरला मिळतो म्हणून तो स्वस्त होत नाही. अशी कंपनी दरवर्षी पगार, प्रयोग, वकील यांवर पैसा जाळते आणि तो भरून काढायला नवे शेअर काढते. भाकरी तेवढीच आणि पंगतीत पानं वाढत जातात. उद्या कंपनी खरोखर चालली तरी तुमच्या वाट्याला तुकडा येईल. अमेरिकी कंपनीचा वार्षिक अहवाल, त्याला टेन-के म्हणतात, तिथल्या नियामकाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. पुतण्याला सांगा, इंग्रजी तुझं चांगलं, तर काढ पाच वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा, आणि शेजारी ठेव. तेव्हा शेअर किती होते, आता किती? बँकेत रोकड किती आणि वर्षाला जाते किती? पहिला मोठा कारखाना तेव्हा कोणत्या साली सुरू होणार म्हणाले होते आणि आता कोणतं साल म्हणतात? आणि लेखापरीक्षकाने 'गोइंग कन्सर्न' असे शब्द वापरून, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल, काही शंका लिहिली आहे का? हे त्याने एका कागदावर लिहून तुम्हाला दाखवावं. दसपटीचं गणित त्याच कागदाच्या मागे करावं.

नॅस्डॅकवर शेअर सलग ३० व्यवहाराचे दिवस एका डॉलरखाली राहिला तर कंपनीला नोटीस येते. मग दहाचे एक शेअर करून भाव फुगवतात. तेव्हा "काकू, शेअर पंधरा डॉलर झाला" असा फोन आला तर किती शेअर उरले तेही विचारा.

या क्षेत्रात आरोप-प्रत्यारोपही कमी झालेले नाहीत. कॅनडाची लूप इंडस्ट्रीज घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हिंडेनबर्गने (हो, तीच, अदानींवरच्या अहवालामुळे नंतर आपल्याकडे घरोघरी कळलेली) तिच्या तंत्रज्ञानावर शंका घेणारा अहवाल काढला आणि शेअर एका दिवसात सुमारे एक तृतीयांश पडला. कंपनीने आरोप फेटाळले, ती आजही काम करते, २०२४ मध्ये भारतात कारखाना काढायला एस्टर इंडस्ट्रीजबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करारही केला. कोण बरोबर हा निवाडा मी करत नाही. पण त्या दिवशी रात्री तुमचे आठ लाख पाच-सव्वापाच झाले असते, तुमचा तिकडे काही दोष नसताना, आणि मिस्टर समोर जेवायला बसलेले असते.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट: पैसे त्याला पाठवायचे, शेअर त्याच्या खात्यात. ताई, मग शेअर त्याचे. कागदावर तुम्ही कुठेच नाही. मुलगा गुणी असेल, पण उद्या त्याचं लग्न होईल, गृहकर्ज होईल, देव न करो काही अपघात होईल. तेव्हा त्याच्या बायकोला किंवा वारसांना काय दाखवाल, फोनवरचा मेसेज? करही विचित्र आहे. चुलतीने पुतण्याला दिलेलं बक्षीस त्याला करमुक्त, कारण कायद्याच्या व्याख्येत तुम्ही त्याच्या नातलग आहात. पण तो उलट तुम्हाला बक्षीस म्हणून परत द्यायला गेला तर त्याच व्याख्येत पुतण्या तुमचा नातलग बसत नाही, आणि वर्षात पन्नास हजारांवर गेलं की सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. कायदेवाल्यांना चुलती कळली, पुतण्या कळला नाही.

घ्यायचेच असतील तर स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या खात्यातून. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि १० लाख रुपयांपर्यंत बँक आगाऊ कर कापत नाही, त्यामुळे ते अडणार नाही. अडेल ते विवरणपत्र. तुम्ही छोट्या व्यवसायाचं सोपं आयटीआर-४ भरत असणार. परदेशी शेअर एक जरी नावावर असला तरी ते चालत नाही, आयटीआर-३ भरावं लागतं आणि त्यात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता. तुमचे करसल्लागार त्याची वेगळी फी घेतील, आणि घ्यावीच. विकताना दोन वर्षांच्या वर ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकले तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. नफा झाला तर, अर्थात.

मग अकरा लाखांचं काय? आधी ओव्हरलॉकचं कर्ज फेडून टाका, तीन लाख चाळीस हजार. मुदतीआधी फेडण्याचा दंड लागतो का ते शाखेत विचारून घ्या. तुम्ही व्याज किती टक्के भरता ते लिहिलं नाहीत, पण जे काही असेल तेवढं उत्पन्न ही परतफेड खात्रीने देते, आणि जगातला कुठलाही शेअर ती खात्री देत नाही. मग फेब्रुवारी ते जूनची पोटपूजा बाजूला काढा: कापड उधारीवर मिळालं तरी शिवणाऱ्या बायकांना शनिवारी रोख लागते आणि शाळा पैसे देतात दिवाळीच्या सुमाराला. दोन-अडीच लाख त्यासाठी बँकेत मुदत ठेवीत, हवे तेव्हा मोडता येतील असे. दरवर्षी मे महिन्यात तुम्ही सोनं गहाण ठेवत असाल, असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर माफ करा. उरलेल्या पाच लाखांबद्दल तुमचं वय, मुलं, विमा हे काहीच पत्रात नाही, म्हणून आत्ता तेही ठेवीत राहू द्या आणि तपशील कळवा.

पुतण्याचं मन मोडायचं नसेल आणि तुम्हालाही हुरहुर लागून राहणार असेल, तर पन्नास हजार. तुमच्या नावावर. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसताना जसे पैसे दिले म्हणून समजतो, तसे.

मिस्टरांना सांगा की त्यांचं बरोबर होतं, पण चिंध्यांबद्दलचा तुमचा विचारही चुकीचा नव्हता. कटिंग टेबलाखाली चार पोती ठेवा, एकाऐवजी. पीटीचे टी-शर्ट आणि ट्रॅकसूट, म्हणजे निव्वळ पॉलिस्टर, एकात. सुती एकात. मिश्र एकात. लायक्रावालं चौथ्यात. मास्तर कुरकुर करेल, त्याला आठवड्याला शंभर रुपये जास्त द्या. एक महिना साठवा आणि मग नेहमीच्या चिंधीवाल्याला, आणि एमआयडीसीतल्या आणखी दोघांना, चारही पोत्यांचा वेगवेगळा भाव विचारा. पीटीच्या पोत्याला कोणी चांगला भाव दिला तर तो माल पुढे कुठे जातो तेही विचारा. तुमच्यासारखी शेकडो युनिटं या गावात आहेत, त्यांच्याकडे निवडलेली पोती नाहीत.

पुतण्या पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा त्याला शेंगाचटणी-भाकरी वाढा आणि एक तास त्या चार पोत्यांपाशी बसवा, काडेपेटी देऊन. आणि महिन्याभराने पीटीच्या पोत्याला किलोमागे काय मिळालं ते मला लिहा. मला तो आकडा खरंच हवा आहे.